नळी क्रमांक चव्वेचाळीस

कोपर, डोंबिवली पश्चिम
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय वृंदा,

खोक्यात सात नळ्या आहेत. कापूस सांभाळून काढ. मागच्या वेळी तू एक फोडलीस आणि नाव कुरियरवाल्याचं घेतलंस. सगळं यीस्ट आमच्या कल्याणच्या लॅबमधलंच, पांढऱ्या जिभा, लघव्या, एका मधुमेहवाल्या आजोबांच्या पायाच्या बोटांमधलं. पेशंटची नावं काढलीत. तुझ्या सरांच्या हुकुमाप्रमाणे फक्त 'क' आणि आकडा.

सातवी नळी, क-१९, माझी. डॉक्टर जेवायला गेलेले तेव्हा माझ्याच तोंडात काडी फिरवली. तू लिहिलेलंस ना, की हे यीस्ट धडधाकट माणसाच्या तोंडातही असतं, काही न करता नुसतं पडून असतं. माझ्याबद्दल घरात हेच म्हणतात. आता पुण्यात तुझ्याकडे माझं काहीतरी जिवंत आहे आणि तुला त्याला दर महिन्याला खायला घालायला लागणार. माझ्याशी लग्न करायचं नाही असं ठरवलंस तरी यातून सुटका नाही.

परत कॉलेजचं विचारलंस. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ते सर म्हणाले, 'कोळ्याच्या पोराला कसला वास येतोय', आणि मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो. तू तिथेच होतीस. त्या दारातून परत आत नाही जाणार मी. लॅबमध्ये बाटल्या धुतो, काचपट्ट्या रंगवतो, चाललंय.

घरी शेवंती आलेय, पहिल्या बाळंतपणाला. ठाण्याची सासरची माणसं तिला माहेरी सोडत नव्हती. तिची सासू रंगूबाई म्हणे आमच्याकडे सगळी सोय आहे. आई हटली नाही. आमच्यात पोराला पहिलं मधाचं बोट आईची आई लावते, मग पोर तिच्या वळणावर जातं म्हणतात. आईच्या वळणावर गेलं तर पाळण्यातून मासळीचा भाव करेल.

तुझा,
पंढरी


पुणे
२१ फेब्रुवारी १९९५

प्रिय पंढरी,

नळ्या पोचल्या, एकही फुटली नाही. क-१९ अगदी तुझ्यासारखी आहे. दोन दिवस लक्ष दिलं नाही की वास सोडते. (हे तू हसून घेशील म्हणून लिहिलं. त्या सरांसारखं नाही.)

आमच्याकडे ते यंत्र अखेर आलं. आजवर आपण यीस्ट कसं ओळखायचो? कुठली साखर खातं, सीरममध्ये ठेवलं की कोंब फुटतो का. त्यावरून फक्त जात कळते. आता त्याचा डीएनए काढायचा, त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या यंत्रात लाखो नकला करायच्या, आणि त्या नकला जेलीच्या वडीतून विजेच्या जोरावर पळवायच्या. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. निळ्या दिव्याखाली धरलं की चमकणारे पट्टे दिसतात. एकाच जातीच्या दोन यीस्टचे पट्टे वेगळे निघतात, रे. ठाण्यातलं वेगळं, कल्याणातलं वेगळं, एकाच वॉर्डातल्या दोन खाटांवरचं वेगळं. माझा सगळा प्रबंध यावरच आहे.

बाबांनी स्थळं बघायला घेतलीत. प्रबंध होईपर्यंत थांबा म्हटलंय. तेवढ्यात तू ते एक वर्ष पुरं केलंस तर मला घरात तुझं नाव तरी घेता येईल. रागावू नकोस, विचार कर.

शेवंतीला जप म्हणावं.

तुझी,
वृंदा


कोपर
१९ मार्च १९९५

वृंदा,

बाळ गेलं. मुलगा होता. सातव्या महिन्यातच आला, एवढासा. डोंबिवलीतल्या एका नर्सिंग होममध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला. बारसंही झालं नाही, म्हणजे रडायचं तर कोणाच्या नावाने तेही नाही.

ताप आला तेव्हा त्याचं रक्त आमच्याच लॅबला आलं. बाटलीत यीस्ट उगवलं. रक्तात. ते पहिल्यांदा मीच बघितलं.

आता ऐक. आईचे हात तू बघितलेत. जन्मभर बर्फातली कोलंबी सोलून नखांच्या कडा सुजलेल्या, दाबलं की पांढरं येतं. नखुरडं म्हणतो आम्ही, बाजारातल्या सगळ्याच बायकांना असतं. जन्माच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंची पाठ वळल्यावर आईने पेटीत हात घातला आणि बाळाला मधाचं बोट लावलं. मी दारात उभा राहून हसत होतो.

बाळ गेलं आणि माझं डोकं फिरलं. आईच्या नखाखालचं खरवडून लॅबमध्ये नेलं, वाढवलं. ते आणि बाळाच्या रक्तातलं, दोन्ही सीरममध्ये घालून उबेत ठेवलं. दोन्हीला कोंब फुटला. दोन्ही अल्बिकन्स, एकाच जातीचं यीस्ट. तसाच घरी आलो. ठाण्याची माणसं बसलेली, शेवंतीचा नवरा चंदू, रंगूबाई, आणखी कोण कोण. चंदूने विचारलं, पोर गेलं कशाने ते तरी सांगतील का कोणी. आणि मी सगळ्यांसमोर बोललो, आईच्या नखात जे आहे तेच बाळाच्या रक्तात होतं.

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. रंगूबाई म्हणाली, 'म्हावऱ्याचं हात पोराच्या तोंडान घातलं. आनखी काय व्हायाचं.' त्यांच्या घरात आता कोणी मासळी विकत नाही, चंदू टेलिफोनात आहे.

शेवंती त्याच संध्याकाळी ठाण्याला गेली. आईला 'येते' म्हणाली नाही. आई आता बाजारात बसत नाही. जेवते ती चमच्याने. आमच्या घरात चमच्याने कधी कोणी जेवलेलं नाही.

पंढरी


पुणे
२६ मार्च १९९५

पंढरी,

काय लिहू? दोनदा कागद घेतला आणि ठेवला.

पण एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. तू फार घाई केलीस. कोंब फुटला म्हणजे दोन्ही अल्बिकन्स, एवढंच. अल्बिकन्स हे आडनाव आहे असं समज. तुमच्या कोळीवाड्यात एका आडनावाची किती घरं आहेत? नुसत्या आडनावावरून चोर पकडायला निघालास तर अर्धी वस्ती आत जाईल. माझ्या तोंडात सापडेल तेही अल्बिकन्सच. मग बाळ मी मारलं?

आईंचंच असेल, नसेलही. पट्टे बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. तू मला दोन्ही पाठव. आणि बाळाच्या जवळ जे जे होते त्या सगळ्यांचं पाठव, ज्यांचं मिळेल त्यांचं. कुठली नळी कोणाची ते मला सांगू नकोस, नाहीतर माझी नजर आईंना सोडवायला बघेल.

तोवर घरात आणखी काही बोलू नकोस. हात जोडते.

वृंदा


कोपर
९ एप्रिल १९९५

वृंदा,

पाच नळ्या, क-४१ ते क-४५. एक बाळाची. एक आईची. एक माझी. एक नर्सबाईंच्या हातांवरची. त्या आधी भडकल्या, मग म्हणाल्या, घे बाबा, मलाही झोप लागत नाही. पाचवी शेवंतीची. दिवस भरायच्या आधी तिला खाज, पांढरं जाणं असा त्रास होता, तेव्हा नर्सिंग होमने आमच्याकडेच तपासायला पाठवलेलं, ते फ्रीजमध्ये होतं. तिची उगाच टाकली. तू सगळ्यांची म्हणालीस म्हणून.

आईने काल परत विचारलं, 'त्या पुन्याच्या पोरीचा कागद आला का?' मी तिला आशा लावून बसलोय. नर्सचं निघू दे. नर्सचं निघालं तर मी शेवंतीला हाताला धरून घरी आणेन आणि रंगूबाईला तिच्याच ओट्यावर उभं राहून सांगेन.

लवकर कर. प्रबंध नंतर.

पंढरी


पुणे
२ जुलै १९९५

प्रिय पंढरी,

उशीर झाला, यंत्र बंद पडलेलं. पण तीन वेळा करून बघितलं, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा तेच.

क-४१ आणि क-४४ एक आहेत. पट्ट्याला पट्टा, एकही इकडेतिकडे नाही. बाकीच्या तिन्ही त्यांच्याहून वेगळ्या आणि एकमेकींहूनही वेगळ्या. फोटो सोबत पाठवतेय. उजेडात फार ठेवू नकोस, उडतो.

खरं सांगू, अंधाऱ्या खोलीत ते दोन रकाने शेजारी शेजारी चमकले तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली. सरांनी फोटो बघितला. म्हणाले, एका पेशंटच्या रक्तातलं आणि ते जिथून आलं तिथलं असं जुळणारं आपल्याकडे कोणी दाखवलेलं नाही, हे प्रबंधात पहिलं जाईल.

मला एकच कळव. त्या दोघींत आईंची नाही ना?

तुझी,
वृंदा


कोपर
८ जुलै १९९५

वृंदा,

आई सुटली. तिची ४२ आहे.

४१ बाळाची आणि ४४ माझी. माझ्याच हातांचं. रोज लॅबमधून तसाच जायचो बाळाला बघायला. घरी सांगून टाकतो. माझ्यावर आलं तर काय, मी आधीच वाया गेलेला.

प्रबंधात घालू नकोस.

पंढरी


पुणे
१७ जुलै १९९५

पंढरी,

खोटं बोललास.

क-१९ फेब्रुवारीपासून माझ्याकडे आहे. तिचे पट्टे मी इतक्या वेळा बघितलेत की डोळे मिटून काढून दाखवीन. ४५ म्हणजे १९ आहे, हुबेहूब. ४४ तुझी नाही. तू चुकून नाही लिहिलंस, मुद्दाम लिहिलंस, आणि असं ज्या माणसासाठी लिहिशील असं त्या पाचांत आईंनंतर एकच उरतं.

शेवंतीची आहे ना?

तर नीट ऐक. यात तिचा काही गुन्हा नाही. कितीतरी बायकांच्या अंगात हे असतं, गरोदरपणात वाढतं, येताना बाळाला लागतं. दिवस भरलेल्या बाळाची फार तर जीभ पांढरी होते. हे बाळ सातव्या महिन्यातलं होतं, त्याच्यात झगडायची ताकदच नव्हती. कोणाच्या हाताने झालेलं नाही, आईंच्या नाही, तिच्याही नाही. तिला हे आज ना उद्या कळायला हवं, कारण पुढच्या वेळी बाळंतपणाआधी तपासून औषधाच्या साध्या वड्या वापरल्या की बहुतेक वेळा यीस्ट जातं. लपवलंस तर पुढच्या बाळालाही धोका राहील.

आणि मला ही जोडी प्रबंधात घालू दे. नाव नाही, गाव नाही, फक्त 'माता' आणि 'अर्भक'. तीन वर्षं मी याचीच वाट बघत होते. तुझ्याकडे मागतेय, दुसऱ्या कोणाकडे मागणार?

वृंदा


कोपर
२३ जुलै १९९५

वृंदा,

माता आणि अर्भक. किती छान लिहिलंस. ती माझी बहीण आहे. नवव्या वर्षापासून माझे शर्ट धुतलेत तिने.

गुन्हा नाही हे तू मला सांगतेस, मला कळतं. रंगूबाईला सांगायला येतेस का? तिला पट्टे दाखव. ती म्हणेल, म्हणजे हिच्याच पोटात विष होतं. आणि चंदूला दुसरी बघायला घेईल. तुमच्याकडे असली गोष्ट फाईलमध्ये राहते. आमच्याकडे ती नळावर जाते, बाजारात जाते, पुढच्या कोळीवाड्यात जाते.

तुझ्या सरांना आनंद झाला. तुला आनंद झाला, तूच लिहिलंस. आमच्या घरातलं पोर मेलं तेव्हा तुझा प्रबंध जन्माला आला. घाल ना, घालच. शिकलेली माणसं अशीच असतात हे मला त्या सरांनी आधीच शिकवलेलं, मीच विसरलो. आणि बाबांनी बघितलेल्या स्थळाला हो म्हण. त्याचं जर्नल पुरं असेल.

परत नळ्या येणार नाहीत.

पंढरी


पुणे
२० नोव्हेंबर १९९५

पंढरी,

चार महिने तुझ्या पत्राची वाट बघितली. रागाचं आलेलं, त्यानंतरचं येईल असं वाटत होतं. तू भांडून निघून जातोस आणि मग चार दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी उभा असतोस, ते मला माहीत होतं. या वेळी आला नाहीस.

पाचही नळ्या मी प्रबंधातून काढल्या. सरांनी कारण विचारलं, तेव्हा नमुना कुठून आला याची खात्री नाही असं सांगितलं. ते आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. पाचही उकळून नष्ट केल्या. क-१९ सुद्धा. लॅबमध्ये माझ्या जागी येणाऱ्या नव्या मुलीच्या हातात द्यायला जीव झाला नाही, आणि मी किती दिवस वाढवणार होते?

बडोद्याचं स्थळ आहे. मेमध्ये लग्न. तू म्हणालास म्हणून नाही. तू काहीच म्हणाला नाहीस म्हणून.

शेवटचं आणि कामाचं: शेवंतीला पुन्हा दिवस राहिले तर सातव्या महिन्यात यीस्टची तपासणी आणि निघालं तर वड्या. कारण सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण हे चुकवू नकोस. वेगळ्या कागदावर औषधाचं नाव लिहून दिलंय, तेवढंच कोणालाही दाखवता येईल.

आईंना नमस्कार.

वृंदा


कोपर
५ जानेवारी १९९७

वृंदा,

पुण्याच्या लॅबच्या पत्त्यावर टाकतोय. तिथून तुला पाठवतील किंवा फेकतील. उत्तराची अपेक्षा नाही. पण ही गोष्ट जगात तीनच माणसांना माहीत आहे, त्यातली एक तू, म्हणून शेवट तुला कळायला हवा.

तुझा तो पट्ट्यांचा फोटो आलेला तेव्हाच मी घरी सांगितलं, बाळाला माझ्या हातांचं लागलं, आईचं नाही. मला वाटलं झालं. आई तांदूळ निवडत होती, तिने सूप बाजूला ठेवलं.

म्हणाली, 'तू त पोराला शिवलाच नाय. दारान उभा व्हतास.'

मी म्हटलं, नंतर शिवलो.

'मना शिकवू नको. कागदान कोनाचा नाव हाय?'

कागदात नावं नाहीत, आकडे आहेत म्हटलं. ती बघत राहिली माझ्याकडे. मला खोटं बोलता येत नाही तुला माहीत आहे, मी नुसता ओरडतो. त्या दिवशी ओरडलोही नाही. मग तिने सूप परत ओढलं आणि खाली बघूनच म्हणाली, 'शेवंतीचा.'

मी उठून दार लोटून घेतलं.

'ऐक. ठान्याला जायाचा नाय. कोनाला बोलायचा नाय. तिला अजून पोरां व्हायची हायेत, मना नाय. ऱ्हाऊ दे माझ्यावरच.'

मी खूप भांडलो. तुला ज्या दिवशी ते रागाचं पत्र लिहिलं त्या दिवशीच भांडलेलो. तिच्यावरचा राग होता तो, पत्ता तुझा घातला. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

गेल्या पावसाळ्यात शेवंतीला दिवस राहिल्याचं चंदूकडून कळलं. तुझा औषधाचा कागद मी आमच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. सातव्या महिन्यात तपासणी झाली. निघालं. वड्या दिल्या. शेवंतीने विचारलं तर बाई म्हणाल्या, हल्ली सगळ्यांनाच बघतो. या वेळी ती बाळंतपणाला कोपरला आली नाही, तो प्रश्नच नव्हता. मुलगी झाली, दिवस भरून. रडते तर गल्लीच्या टोकाला ऐकू येतं.

परवा बारसं होतं. आम्हाला बोलावणं आलं. आई नवं पातळ नेसली, मला दाढी करायला लावली. बायका पाळण्याभोवती, आई भिंतीशी. सगळ्यांनी मुलीला मांडीवर घेतलं, आळीपाळीने. आईकडे कोणी दिली नाही आणि तिनेही हात पुढे केला नाही. लांबूनच मान वर करून बघत होती. शेवंतीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मुलीचं टोपरं सारखं करायला लागली.

मग रंगूबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, 'या टायमाला कोनाचा हात लागू दिला नाय. बघा पोर कशी जगली.'

सगळ्यांनी आईकडे बघितलं. मी उठलो. माझ्या तोंडात सगळं तयार होतं वृंदा, एक्केचाळीस, चव्वेचाळीस, सगळं. आईने माझ्याकडे बघितलं नाही. हसली, आणि म्हणाली, 'खरा हाय रंगूबाय. तुम्ही चांगली सांभाळलीत.'

मी बसलो.

पंढरी